नाव न घेता मारलेली हाक

शुक्रवारी अंबरनाथच्या एमआयडीसीला सुट्टी असते. बाकीची दुनिया रविवारी पाय पसरते, इथले भोंगे शुक्रवारी गप्प बसतात. रस्त्यावर रिक्षा नाही, चहाची टपरी बंद, गटारातलं रंगीत पाणीसुद्धा त्या दिवशी थांबून राहिल्यासारखं दिसतं. अशा दिवशी तिथं राखणदार असतात, कुत्री असतात आणि आम्लाचा तो घशात बसणारा वास असतो. बाकी कुणी नाही.

धाकलू अकरा वर्षं तिथल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात राखणदार होता. राहायला बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराखालच्या पाड्यावर. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतल्या त्या शुक्रवारी तो नेहमीसारखाच पहाटे उठला, डबा घेतला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. फक्त धडप्याच्या गाठोड्यात त्यानं तीन गोष्टी जास्तीच्या बांधल्या. मूठभर तांदूळ, एक पणती, आणि औषधाच्या बाटलीत भरलेलं गोडं तेल.

ओसरीवर त्याची बायको वेणूबाई जात्यावर बसली होती. नव्या तांदळाचं पीठ पाळीभोवती पांढरं गोळा होत होतं.

"बारीक दळ," धाकलू म्हणाला.

"दोनदा दळलंय."

"तिसऱ्यांदा दळ."

तिनं जातं थांबवलं. "अवो, आज तरी येईल ना ती?"

धाकलूनं चपला पायात सरकवल्या. "आणतो," एवढंच म्हणाला आणि वाटेला लागला.

ती म्हणजे सोनी, त्यांची एकुलती एक लेक. वय बावीस. पाड्यावरची बारावी झालेली पहिली पोर. उल्हासनगरला कॉम्प्युटरचा क्लास करून ती बापाच्याच कारखान्यात ऑफिसात लागली होती. बाप फाटकावर, लेक आत खुर्चीवर. तिथला कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडलेला होता, कारण परदेशच्या गिऱ्हाइकांची पत्रं त्या तारेतून यायची. मालक शरदचंद्र साहेबांची ही सगळी पत्रं सोनीच सांभाळायची. म्हणून साहेबांनी तिला एक मोकळीक दिली होती. शुक्रवारी कारखाना बंद असताना तिनं खुशाल त्या मशीनवर खेळावं.

खेळही कसला, बघा. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, बाहुली नाही. कुठल्या तरी परदेशी कॉलेजातल्या मशीनवर तो खेळ चालायचा आणि जगभरचे लोक तारेतून तिथं जमायचे. एकमेकांना कधी न पाहिलेले. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, नाव घ्यायचं, आणि अक्षरांच्या त्या डोंगराखाली उतरायचं. कुणी तलवारवाला, कुणी मांत्रिक. खाली राक्षस, खजिने, बुजलेली नगरं. ऑफिसातल्या नीलिमानं तिला हा नाद लावला होता. सोनीनं सोंग घेतलं ते दिवेकरणीचं, नाव मात्र आपलंच ठेवलं.

"तुला तलवार नाय दिली व्हय त्यांनी?" धाकलूनं एकदा विचारलं होतं.

"बा, तलवारवाले मोप असतात. खाली अंधारात दिवा धरायला कुणी तयार नसतं."

दुपारी डबा खाताना ती त्याला सगळं सांगायची. आज कुठवर उतरले, कुठली वाट चुकले. मिठाच्या गुहेत डावी भिंत धरून चालायचं. बहिऱ्या दारवानापुढं बोलून उपयोग नाही, घंटा वाजवायची. धाकलू रानातला माणूस. एकदा सांगितलेली वाट तो विसरत नसे, मग ती पायाखालची असो की कानावरून गेलेली. खेळातली दोन-चार इंग्रजी अक्षरं तिनं त्याला गंमत म्हणून शिकवलीही होती. त्यात पहिली दोन त्याच्या नावाची. बी आणि ए. बा.

डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी धाकलू चहाचं आधण ठेवायला मागं गेला. परत आला तेव्हा सोनीचं डोकं टेबलावर टेकलं होतं आणि हात अजून बटणांवर होता. पडद्यावर हिरव्या ओळी एकामागून एक वर सरकत होत्या. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात आणायच्या आधीच गेली होती.

आता पाड्याचा एक रिवाज आहे. ज्याचा जीव गावाबाहेर जातो, त्याला घरी आणावं लागतं. रक्ताच्या माणसानं जीव गेला त्या जागी जायचं, दिवा लावायचा, तांदूळ टाकायचे, हाक मारायची, चल घरी. मग उठायचं आणि चालायला लागायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. घरी उंबऱ्याच्या आत तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली झाकलेली असते. सकाळी टोपली उचलली की पिठात पाऊल दिसतं. माणूस घरी आलं, हे कळतं. मग त्याला एक पान वाढायचं, आणि ते सुटतं.

धाकलूनं तीन शुक्रवार त्या खुर्चीपाशी दिवा लावला. तिन्ही वेळा सकाळी पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

त्याची आत्या बनूबाई पाड्यावरची सगळ्यात जुनी बाई. तिला दिसत कमी होतं, पण समजत पुष्कळ होतं. ती म्हणाली, "धाकल्या, ती खुर्चीत नाय रे. खुर्चीत नुसतं अंग व्हतं. जीव गेला तव्हां पोर व्हती कुठं?"

हा प्रश्न घेऊन धाकलू दोन दिवस फाटकावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तो नीलिमासमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, त्या दिवशी माझी सोनी खेळात कुठं होती?"

नीलिमा विठ्ठलवाडीची, सव्वीस वर्षांची, हसरी पोरगी. पण सोनी गेल्यापासून तिनं तो खेळ उघडला नव्हता. आता तिनं तो उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, ती अजून आहे तिथं. एकदम खाली, शेवटच्या खोलीत. लाइन तुटली की आपला माणूस तिथंच उभा राहतो. चाळीस दिवस कुणी आलं नाही तर ते लोक पुसून टाकतात."

"पुसून?"

"म्हणजे... नावच राहत नाही."

धाकलूनं बोटांवर मोजलं. येता शुक्रवार पस्तिसावा होता. त्यानंतरचा शुक्रवार चाळिसाच्या पलीकडं.

"मला उतरायचंय," तो म्हणाला.

खेळातल्या वाटा सोनी ज्या वहीत काढायची, ती नकाशाची वही आता नव्हती. ती त्यानं स्वतःच्या हातानं सोनीच्या कपड्यांबरोबर जाळली होती. पण वाट त्याच्या कानात होती.

बनूबाईनं निघताना त्याचा दंड धरला. "तिथं ती एकटी नसंल. म्हणून नाव घेऊन हाक मार. एकीला उठवलंस तं धकून जातं. नुसतं 'चला' म्हटलंस तं असतील तेवढी उठतील. मंग जागा रिकामी पडते, आन् ती जागा रिकामी राहत नाय. उठवणाऱ्यालाच धरते. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"नाव घ्यायचं."

तर अशा त्या शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, नीलिमा कारखान्याच्या फाटकातून आत आली. घरी तिनं ओव्हरटाइम सांगितला होता. आत येताच ती म्हणाली, "काका, किती शांत आहे हो. मला नाही आवडत." धाकलूनं तिला चहा दिला. कान देऊन ऐकलं तर बंद शेडच्या पत्र्यावर उन्हाची टिकटिक तेवढी वाजत होती.

ऑफिसची दारं-खिडक्या लावलेल्या. यंत्राच्या तेलाचा वास, जुन्या कागदाचा वास. धाकलूनं टेबलावर पणती पेटवली. नीलिमानं फोन लावला, तेव्हा कॉम्प्युटर तारेला जोडणाऱ्या छोट्या डबीतून पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंकाळी निघाली, मग खरखर, मग गप्प. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"नाव विचारतंय. काय टाकू?"

"बा," धाकलू म्हणाला. "आणि ताई, इथून पुढं बटणं मी दाबणार. तू फक्त वाचून दाखव."

नीलिमानं एका पुठ्ठ्यावर त्याला कामापुरती अक्षरं काढून दिली होती. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, वर, खाली. त्याखाली सोबत घेण्याचा हुकूम, आणि त्यापुढं सोनीच्या नावाची चार अक्षरं. एक बटण तिनं लाल खडूनं वेगळं दाखवलं. "हे बघण्याचं. मागं कोण आहे ते बघायचं असेल तर हे."

"मग हे दाबायचं नाय," धाकलू म्हणाला.

एका बोटानं त्यानं चालायला सुरुवात केली. विहीर आली. नीलिमा हळू आवाजात वाचत होती, वाचता वाचता मराठी करत होती. "तुम्ही विहिरीत उतरता. भिंती ओल्या आहेत." धाकलूला माहीत होतं. तळाशी पश्चिम. "मिठाची गुहा. तुमच्या पावलांचा आवाज येत नाही." डावी भिंत. एकदा वाट फुटली तेव्हा नीलिमा म्हणाली, "इथं दोन रस्ते आहेत, काका, कुठला?" त्यानं डोळे मिटले. डब्यातली नाचणीची भाकरी मोडत सोनी सांगत होती, बा, जिथं वारा येतो तिकडं जायचं नाही, तो वारा फसवा असतो. "वारा कुठून येतोय, ते लिहिलंय?" "पूर्वेकडून." त्यानं पश्चिम दाबली.

दारवान आला. घंटा वाजवली. मग खाली. खाली. अजून खाली. वाटेत एक पडलेला माणूस भेटला, एक तुटका पूल भेटला, पण कुणी अडवलं नाही. नीलिमाच पुटपुटली, "विचित्र आहे. इथं नेहमी राक्षस असतात. आज कुणीच नाही..."

बारा वाजून गेले होते. बाहेर कुत्री भुंकायची थांबली होती.

शेवटचं खाली त्यानं दाबलं. पडद्यावर थोड्याच ओळी आल्या. नीलिमानं वाचल्या नाहीत.

"वाच, ताई."

"इथं अंधार आहे..." ती थांबली. "सोनी इथं उभी आहे. तिचे डोळे उघडे आहेत. तिच्यात कुणी नाही."

पणतीची ज्योत जराशी हलली. खिडक्या बंद होत्या.

"काका, हे... हे खेळाचं नेहमीचं वाक्य आहे. लाइन तुटलेल्या प्रत्येकाला असंच दाखवतात. घाबरू नका."

धाकलू घाबरला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पस्तीस दिवस पोर उभी होती. उभीच. त्यानं मूठ उघडून बटणांवर तांदूळ टाकले.

"चल, घरी चल," तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून गळ्यातलं नाव गळ्यातच राहिलं. आणि तीच चूक त्याच्या बोटांनी केली. किती शुक्रवार त्यानं सोनीच्या पाठीशी उभं राहून पाहिलं होतं, ती आपल्या सोबत्यांना गोळा करून वर आणायची तेव्हा तिचा हात कसा चालायचा. हुकूम, मग एक अक्षर डावीकडं, आणि मग उजवीकडचं एकच बटण दोनदा, टक टक. त्याचं बोट आपसूक त्याच वाटेनं गेलं. पुठ्ठ्यावरची चार अक्षरं तशीच राहिली.

"काका, नाव! तुम्ही 'ऑल' टाकलंत, म्हणजे सगळे—"

पण तोवर ओळ गेली होती.

पडद्यावर उत्तर उमटलं. सोनी तुमच्या मागे चालू लागते. त्याखाली आणखी एक ओळ. मग आणखी एक.

"कुणीतरी तुमच्या मागे चालू लागतं," नीलिमा कुजबुजली. "कुणीतरी तुमच्या मागे... कुणीतरी... काका, खोलीत एकटी सोनीच दाखवत होती. हे कोण आहेत?"

धाकलूनं ओठांवर बोट ठेवलं. हाक मारून झाली होती. आता घरी पोचेपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं.

"हे सोडून देता येतात. एक हुकूम आहे. पण..." तिनं ओठ चावला. "पण तो सगळ्यांनाच सोडतो. सोनीलासुद्धा. आणि ती जागची हलली, तर पुन्हा धरायला सापडेल की नाही, सांगता येत नाही. काय करू या? काका, बोला ना!"

त्याला बनूबाईचे शब्द लख्ख आठवले. त्यानं नीलिमाकडं पाहिलं, नकाराची मान हलवली, आणि वर जाण्याचं बटण दाबलं.

वर. वर. वर.

प्रत्येक पायरीला पडद्यावर तीच रांग उमटायची. सोनी मागे येते. कुणीतरी मागे येतं. कुणीतरी मागे येतं. रांग इतकी लांब झाली की एक पायरी चढली की पडदा भरून जायचा. दारवानाच्या दारात नीलिमाचा आवाज बारीक झाला.

"कुणीतरी म्हणतंय... किती राहिलं?"

धाकलूनं घंटा वाजवली.

"कुणीतरी म्हणतंय, मला कुणी न्यायला आलं नाही." ती खुर्ची मागं सरकवून बसली. "काका, ही माणसं खेळत नाहीयेत. खेळणाऱ्यांच्या नावापुढं वेळ येतो, कधी आले ते. यांच्यापुढं काहीच नाही..."

मिठाची गुहा. आता उजवी भिंत. पणतीतलं तेल अर्धं झालं होतं आणि ऑफिसात ओल्या मिठाचा, कोळीवाड्यासारखा वास भरून राहिला होता. धाकलूनं तेल घातलं.

विहिरीच्या तळाशी एक ओळ आली, ती मात्र नीलिमाला वाचावी लागली नाही. ती त्याला वाचता येत होती. सोनीचं नाव, आणि त्यापुढं दोन अक्षरं.

बा.

त्याचं बोट अधांतरी थांबलं. लगेच खाली दुसरी ओळ आली. नीलिमानं तोंडावर हात ठेवला. बोटांच्या फटीतून म्हणाली, "मागं बघ, असं म्हणतेय."

लाल खडूचं बटण त्याच्या करंगळीशी होतं. नुसता हात टेकला असता तरी पुरे होतं. पाच आठवड्यांत लेकीचं तोंड त्याला एकदाही आठवलं नव्हतं, आठवायचं ते टेबलावर टेकलेलं डोकं. पण रानात मेलेल्या माणसाचा आवाज काढून बोलावणारं दुसरंही काही असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि बोट नेऊन वरच्या बटणावर ठेवलं.

विहीर संपली. डोंगराची वेस आली. वेशीवर दिवा होता, असं सोनी सांगायची. तो ओलांडताच फोनची डबी एकदा खाकरली आणि पडदा काळा झाला. लाइन गेली होती.

दोन वाजले होते. धाकलूनं पणती तळहातावर घेतली, बटणांत अडकलेले तांदूळ वेचून गाठीला बांधले, किल्ल्या नीलिमासमोर ठेवल्या. दुपारच्या पाळीचा राखणदार तेवढ्यात फाटकावर आलाच होता. त्यानं विचारलं, "काय रे धाकलू, कुठं चालला दिवा घेऊन?" धाकलू त्याच्या अंगावरून पुढं गेला.

एसटीत कंडक्टरशी बोलावं लागलं असतं, म्हणून तो चालत निघाला. बारवीचं पाणी ज्या मोठ्या लोखंडी पाइपातून एमआयडीसीला येतं, तो पाइप धरून. पणती बदलापूरच्या अलीकडंच विझली. हरकत नव्हती, हाक ऐकलेल्याला दिवा लागत नाही. पाइपात पाणी घुमत होतं. कापलेल्या भातखाचरांत धस्कटं उभी होती, पेंढ्याचा वास येत होता. ऊन कलायला लागलं.

मग पाइपावर पावलं वाजली.

आधी एक जोडी. अनवाणी, हलकी, लोखंडावर चट चट. लहानपणी सोनी ह्याच पाइपावरून तोल सावरत शाळेत जायची. धाकलूची चाल हलकी झाली. पण तिच्यामागून दुसरी जोडी वाजली. जड. मग एक अगदी छोटी, पळत गाठणारी. मग किती, ते मोजण्यासारखं राहिलं नाही. सगळा पाइप भांड्यासारखा वाजू लागला, आणि आतलं पाणी त्याखाली घुमत राहिलं. समोरून डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बाया येत होत्या. त्यांनी धाकलूकडं पाहिलं, मग त्याच्या पाठीमागं पाहिलं, आणि न बोलता वाट सोडून खाचरात उतरल्या.

धाकलूनं मान ताठ ठेवली. पाड्यावर पोचला तेव्हा चुली पेटत होत्या. उंबऱ्याशी वेणूबाईनं पीठ पसरून टोपली झाकली होती. त्यानं उंबरा ओलांडला, तांदूळ टोपलीवर ठेवले आणि मग तोंड उघडलं.

"आणली."

सकाळी बनूबाईच्या देखत टोपली उचलली. पिठाच्या मधोमध एक पाऊल होतं. डावं. चार बोटांचं. सोनी सात वर्षांची असताना कोयत्यानं तिच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. वेणूबाई खाली बसली आणि त्या पावलाभोवती दोन्ही हात धरून रडू लागली, पावलाला न शिवता.

रडणं ओसरल्यावर तिला बाकीचं दिसलं. त्या पावलामागं पीठ जत्रेत तुडवावं तसं तुडवलेलं होतं. मोठी पावलं, बारकी पावलं, एकावर एक. एक टाच बुटाची. एक पाऊल इतकं छोटं, की त्या पोराला चालायला येऊन महिनाही झाला नसेल.

बनूबाईनं पिठावर नाक नेऊन पाहिलं. "नाव घेतलं नव्हतंस."

"नाय."

वेणूबाईनं पदरानं डोळे पुसले. उठली, विळा घेतला आणि परसात पळसाच्या झाडाखाली जाऊन विचारलं, "किती पानं काढू?"

"असतील तेवढी काढ," धाकलू म्हणाला. "न्यायला कुणी आलं नाय त्यांना. जेवून तरी जातील."

सोनीचं पान घरात वाढलं. बाकीची जांभळीखाली ओळीनं मांडली, भात आणि वालाचं बिरडं. बनूबाई प्रत्येक पानापाशी थांबून म्हणाली, खा बाबांनो, आन् आपापल्या वाटेनं जा. कावळे आले, पानं साफ झाली. जांभळीखाली गार वारा सुटला आणि थोड्या वेळानं पडला. धाकलूला वाटलं, झालं. निभावलं.

रविवारी तो कामावर गेला तेव्हा नीलिमा फाटकापाशीच उभी होती. रात्रभर झोपली नसावी, असा चेहरा.

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा हाय. काय झालं?"

"मी आज सकाळी लवकर येऊन खेळ उघडला. सोनी आली का वर, म्हणून. सोनीचं नाव कुठंच नाही."

"ती घरी आली, ताई."

"मग मी खाली जाऊन बघितलं. तुम्ही दाखवलेल्या वाटेनं." तिनं त्याच्या हाताला हात लावून पाहिला, ताप आहे का बघावं तसा. "काका, तुम्ही वेस ओलांडली होती. मी डोळ्यांनी वाचलंय. पण खाली त्या खोलीत... लिहिलं होतं, बा इथं उभा आहे. त्याचे डोळे उघडे आहेत."

पुढचं वाक्य तिनं म्हटलं नाही. धाकलूला ते पाठ होतं.

त्यानं तिचा हात हलकेच बाजूला केला. मग म्हणाला, "असू दे. पोर उभी होती त्यापेक्षा बरं. तू मात्र पुन्हा उतरू नको. कुणी हाक मारली तरी नको."

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वेणूबाईनं नुकतंच घर सारवलं होतं. शेणाचा ओला वास दरवळत होता, जमीन आरशासारखी चमकत होती. त्याला ते ध्यानात आलं नाही. तो आपला चपला काढून थेट चुलीपर्यंत चालत गेला आणि मडक्यातून पाणी घेतलं.

"अवो, आत्ता सारवलंय! पावलं उठली ना सगळी—"

वेणूबाईचं बोलणं मध्येच तुटलं. ती त्याच्या मागच्या जमिनीकडं बघत होती.

शुक्रवारपासून धाकलूनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. आता तो वळला.

उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओल्या जमिनीवर पावलांची एकच रांग होती. ती त्याची नव्हती; त्याचं स्वतःचं एकही पाऊल उठलं नव्हतं. ती त्याच्या टाचेपाशी येऊन थांबली होती, आणि तिच्यातलं प्रत्येक डावं पाऊल चार बोटांचं होतं.